बसलेल्या बाईचे ठोके

"काकू, आता जरा धडधडेल हं, घाबरू नका," असं म्हणून तंत्रज्ञ मुलीनं पडद्यावर बोट ठेवलं, आणि खुर्चीत मान टेकून, पाय लांब करून, काहीही न करता बसलेल्या तिचं हृदय धावायला लागलं. जिना नाही, भीती नाही, मागून कुणाची हाक नाही. नुसतं एक बोट. डाव्या खांद्याखाली ठेवलेली वायरची चपटी चकती कातडीखालच्या पेसमेकरच्या डबीशी काहीतरी बोलत होती, आणि पलीकडच्या खुर्चीत नवरा मांडीवर फाइल घेऊन पडद्याकडे बघत होता. मुलीनं बोट उचललं. धावणं थांबलं. "बॅटरी छान, तारा छान," ती म्हणाली, आणि पुढच्या पानावर आली तशी तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. "काकू, व्यायाम सुरू केला नाहीत का अजून?"

"केलाय की. रोज चाळीस मिनिटं सायकल. घरातली, जागेवरची."

"रोज?"

"रविवार सोडून."

मुलीनं पडदा थोडा नवऱ्याच्या बाजूला वळवला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सोबत आलेल्या माणसालाही दिसावं एवढाच तिचा हेतू असणार. "हे बघा काका, हे तीन महिन्यांचं. दिवसभरातली हालचाल जेमतेम वीस मिनिटं. ठोके जवळजवळ सगळा वेळ साठ. चाळीस मिनिटं सायकल मारली असती तर इथं उंचवटा दिसला असता." इथं म्हणजे एका सपाट रेघेवर. मग आवाज मऊ करून ती तिला म्हणाली, "चालतं हो काकू. बरेच जण घाबरतात सुरुवातीला. पण हे यंत्र त्यासाठीच बसवलंय ना?"

तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला यंत्राशी भांडायची सवय नसते. आकडा चमत्कारिक आला तर आधी आपला हात तपासायचा, मग नमुना, मग बाटलीवरची चिठ्ठी, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. नव्या आलेल्या प्रत्येक मुलीला तिनं स्वतः हेच शिकवलं होतं. त्यामुळे नवरा "बरं, येतो आम्ही," म्हणून उठला तेव्हा ती मनातल्या मनात आपला हात तपासत होती. मी सायकल चालवली होती ना? परतीच्या वाटेवर नवऱ्यानं एकदाच, "ऊन लागतंय का, काच वर करू?" असं विचारलं. त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. राग नव्हता. आजारी माणसाशी बोलताना आवाजाला जे पोतेरं फिरवल्यासारखं होतं, तसं होतं.

नवरा इमारतींचे नकाशे काढायचा. ऑफिसात त्याला 'पट्टी' म्हणत, आणि हे नाव आपल्याला शोभतं असं त्यालाही वाटे. कागदावर असेल ते खरं, भिंत नंतर. ती इस्पितळातून घरी आल्यावर त्यानं मागच्या खोलीत सायकल आणून ठेवली आणि त्या खोलीच्या दाराला आतून आलेखाचा कागद टाचला. खाली तारखा, बाजूला मिनिटं. संध्याकाळी बूट काढायच्या आधी तो विचारायचा, "किती?" ती म्हणायची, "वीस." महिन्याभरानं, "तीस." मग, "चाळीस." आणि तो बारीक निबाच्या पेनानं एक ठिपका द्यायचा, मागच्या ठिपक्याला जोडायचा, दोन पावलं मागं सरून बघायचा. इतकी सुंदर चढती रेघ तिच्या आयुष्यात दुसऱ्या कशाची निघाली नव्हती. आज घरात शिरल्यावर तो सरळ मागच्या खोलीत गेला. ती दारात पोचली तेव्हा तो नखानं टाचण्या काढत होता. एक, दोन, तीन, चार. कागद त्यानं फाडला नाही, त्याच्याच्यानं कागद कधी फाडवत नसे. गुंडाळी केली, रबर लावलं आणि कपाटावर ठेवली.

"तुला नको होतं तर नको म्हणायचंस," तो म्हणाला. "मी काय मारणार होतो तुला?"

"अहो, मी केलंय."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. चहा ठेवू?"

तो चहा तिनं खिडकीशी बसून प्यायला आणि एक एक सकाळ आठवायला घेतली, जशा जुन्या काचपट्ट्या पेटीतून एक एक काढून उजेडाला धरतात. पहिली सकाळ मात्र नको तीच वर आली. त्या दिवशी तिनं खरंच सायकल चालवली नव्हती. नवरा बाहेर पडल्यावर ती बूट बांधून बैठकीवर चढली, हात मुठींवर ठेवले आणि तशीच बसून राहिली. पाय खाली दाबला की आत काहीतरी तुटेल, तार निसटेल, कातडीखालची डबी घसरून पोटात जाईल, असे शाळकरी विचार येत होते. विज्ञान शिकलेलं डोकं त्यांना हसत होतं, पण पाय ऐकत नव्हते. पंधरा मिनिटांनी ती उतरली आणि संध्याकाळी म्हणाली, "पंधरा." तो पहिला ठिपका खोटा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. एकदाच्या चोरीचं चांदणं तीन महिन्यांवर पडलं. पुढच्या सगळ्या सकाळी त्याच उजेडात संशयास्पद दिसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी तिनं पाय दाबला होता, ते नक्की. चाक फिरल्याचा तो गुळगुळीत, तेलकट आवाज. समोरच्या भिंतीवर ओल आलेली जागा, तिच्या कडेला सुटलेला रंगाचा पोपडा. आठव्या-नवव्या मिनिटाला छातीवर कुणी ओली गोधडी टाकावी तसा जडपणा यायचा, श्वास वरच्या वर राहायचा, पाय लाकडाचे व्हायचे, आणि नजरेच्या कडा तपकिरी होत आत सरकायच्या. पहिल्यांदा झालं तेव्हा ती थांबली होती. मग थांबली नाही. वेग कमी करायची, कडा मागं हटायच्या, पुन्हा वाढवायची. आपण आता एवढ्याच उरलो आहोत तर एवढ्यातच राहायला शिकू, असं ठरवून तिनं ती चाळीस मिनिटं रोज तुकड्यातुकड्यानं पार केली होती. ही सगळी मेहनत म्हणजे सपाट रेघ? आणि ती खरी नसेल तर मग तो जडपणा कुठं आला होता, कुणाला आला होता?

ती आजारी पडली तीही अशीच, न हलता. मेणाच्या वडीत बसवलेला माणसाचा एक तुकडा यंत्रावर चढवायचा, चाक फिरवायचं, आणि पात्याखालून केसाहून कितीतरी पातळ काप सुटत एकाला एक चिकटून फीत होत येते. ती फीत कोमट पाण्यावर अलगद सोडायची. या कामात फक्त मनगट फिरतं. खांदा हलला तर काप जाड येतो, श्वास जोरात सुटला तर फीत उडते. तिची फीत सगळ्यांत लांब यायची. म्हणून प्रयोगशाळेत तिला 'पुतळी' म्हणत, आणि तिथली डॉक्टरीणबाई नव्या मुलींना म्हणायची, "बसायचं कसं ते बघून घ्या. मेलेल्या माणसाचं काम करताना निम्मं मेल्यासारखं बसावं लागतं." सगळ्या हसायच्या. त्या दिवशी फीत तुटली. पातं बोथट झालं असेल म्हणून तिनं हात पुढं केला, तेवढ्यात फरशी गालाला लागली, थंड, औषधाच्या वासाची. ठोके मोजले तर चौतीस. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाला ठोका सुचवणारी जी जागा असते ती थकली आहे. मागणी वाढली तरी ती वेग वाढवत नाही. ती जागा तिनं कितीदा कापली होती. काचेखाली ती फिकट दिसते, आजूबाजूच्या गुलाबी स्नायूत विरलेली, नव्या मुलींना तर दाखवूनही सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला गेला आणि ती मागच्या खोलीत गेली. दार मोकळं होतं. टाचण्यांची चार भोकं तेवढी. बैठकीवर चढण्याआधी तिनं मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळ लावून मोजले. साठ. दहा मिनिटं जीव खाऊन पाय मारले. जडपणा आला, कडा तपकिरी झाल्या, कानात वाफ शिरली. पाय न थांबवता पुन्हा मनगट धरलं. बासष्ट. तिनं पुन्हा मोजलं, कारण एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो. साठ. पाय डोंगर चढत होते आणि हृदय खिडकीशी चहा पीत बसलं होतं. तिला एकदम हसू आलं, आणि हसता हसता रडू येईल म्हणून ती उतरली. म्हणजे वेड लागलेलं नव्हतं. सायकल खरी होती, दम खरा होता, आणि सपाट रेघही खरीच होती. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तर त्यांच्यामध्ये एक चौथी गोष्ट असली पाहिजे. एवढं कळल्यावर तिला तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

ती चौथी गोष्ट सापडायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत नवऱ्यानं बूट काढायच्या आधी काही विचारलं नाही. विचारण्याची जागा रिकामी राहायची आणि तो त्या जागेवरून पाय उचलून टाकल्यासारखा आत जायचा. रविवारी त्याच्या बहिणीचा फोन आला; तो गॅलरीत जाऊन बोलत होता तरी ऐकू आलं, "अगं नाही, ठीक आहे ती. जमत नाही तिला, आणि कबूल करवत नाही." ती तेव्हा न्हाणीघराची फरशी घासत होती. गुडघ्यावर बसून, उजव्या हातात ब्रश, सगळं अंग मागंपुढं. ऐकून तिनं आणखी जोरात घासायला घेतलं, कोपरे, नळामागचा पिवळा डाग, आणि घासता घासता तिच्या लक्षात आलं की आपल्याला दम लागलेला नाही. उलट, आत काहीतरी मोकळं पळतंय. साबणाचा हात तसाच मनगटावर गेला. अठ्ठ्याण्णव. फरशी घासताना अठ्ठ्याण्णव आणि सायकलवर साठ. ती तिथंच ओल्या फरशीवर बसली. जिना चढताना मरणप्राय व्हायचं आणि उतरताना उगीचच धडधडायचं, तेही आठवलं. उतरताना पाऊल आदळतं. फरशी घासताना खांदा हलतो. डबी खांद्याखाली आहे. तिनं ठोके साठावर येईपर्यंत वाट बघितली. मग पाठ भिंतीला टेकून, बाकी अंग पुतळीसारखं ठेवून, दोन बोटांनी त्या डबीवर टकटक करायला सुरुवात केली, दार वाजवावं तशी. अर्ध्या मिनिटानं हृदय उठलं आणि धावायला लागलं.

हातच्या काकणाला आरसा कशाला, पण तिनं सकाळी इस्पितळात फोन लावला.

"अय्या काकू," ती तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "जागेवरची सायकल म्हणालात नाही का तुम्ही. माझ्या लक्षातच आलं नाही. ते यंत्र हलण्यावरून ओळखतं हो. वरचं अंग हललं नाही तर त्याला वाटतं माणूस बसलाय, मग ते ठोके वाढवत नाही."

"हे आधी कुणी सांगितलं नाही."

"सहसा सांगावं लागत नाही. माणसं हलतातच. सायकलवर तर खांदे हलवतात, मान हलवतात, गाणी म्हणतात. तुम्ही एवढ्या स्थिर कशा काय बसता?"

याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. मुलीनं तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली; तोवर खांदे हलवत चालवा, म्हणाली, आम्ही यंत्र जरा हळवं करून देऊ. फोन ठेवल्यावर तिला दादाचा हात आठवला. मोठा भाऊ, तिच्याहून नऊ वर्षांनी. मुलींच्या शर्यतीसाठी त्यानं तिला तयार केलं होतं, घरामागच्या मोकळ्या जागेत, सायकलचं मागचं चाक दोन रुळांवर चढवून. तिच्या वाकलेल्या पाठीवर तो शाळेची पाटी ठेवायचा. पाटी पडली की पहिल्यापासून. "वरचं अंग मेलं पाहिजे," तो म्हणायचा, "जीव सगळा पायात. खांदा हलला म्हणजे ताकद सांडली." ती अकरा वर्षांची होती आणि तिला सांडायचं नव्हतं. तिनं दोन शर्यती जिंकल्या, तिसरीत दुसरी आली, मग अभ्यास, मग नोकरी. सायकल गेली पण ती पाटी पाठीवर राहिली. तिच्याच जोरावर तिची फीत सगळ्यांत लांब यायची. दादा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला, ऑफिसच्या खुर्चीत, हातात पेन, समोर अर्धी ओळ. कितीतरी वेळ कुणाला कळलंच नव्हतं, कारण तो नेहमीच तसा बसायचा.

संध्याकाळी नवरा आला. तिनं त्याला बूट काढू दिले, पाणी दिलं, आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"हात द्या."

"काय झालं?" तो घाबरला.

"काही नाही. इथं धरा. मोजा."

त्यानं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजलं. मोजताना त्याचे ओठ हलत होते. "साठ."

"आता माझ्याकडं बघा. मी हलतेय का?"

"नाही."

तिनं दुसऱ्या हाताची दोन बोटं डबीवर आपटायला सुरुवात केली. तो आधी तिच्या बोटांकडं बघत होता, मग त्याचं तोंड बदललं. त्याची बोटं तिच्या मनगटावर एकदा सैल झाली आणि पुन्हा घट्ट झाली. ठोके त्याच्या हातात चढत गेले. "थांब," तो म्हणाला. ती थांबली नाही. "अगं थांब, पुरे." त्यानं हात काढून घेतला आणि तळवा पँटला पुसला, जसं काही ओलं लागलं होतं.

मग तिनं सगळं सांगितलं, सरळ, पायरीपायरीनं, प्रयोगाच्या वहीत लिहितात तसं. पहिल्या दिवसाचे पंधरा खोटे, हेही सांगितलं. तो ऐकत होता. त्याला आता लाज वाटेल, तो कपाटावरची गुंडाळी काढेल, असं तिला वाटलं होतं, आणि त्या क्षणासाठी तिनं दिवसभर एक वाक्य घोळवून ठेवलं होतं.

"म्हणजे रोज तू चक्कर येईपर्यंत चालवत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"घरात एकटी."

"हो. मग कसं?"

"मला सकाळी नऊ ते दहा एक रेघ सरळ येत नाही. विचार कुणालाही ऑफिसात. टेबलावर फोन ठेवतो आणि बघत बसतो. संध्याकाळी तू किती ते सांगायचीस आणि मी ठिपका द्यायचो ना, तो तू आज पडली नाहीस म्हणून द्यायचो." त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले. "त्या मुलीनं पडदा वळवला तेव्हा मला बरं वाटलं. खोटं का सांगेना, ही बसून असते. मग बसू दे, म्हटलं."

"मी खोटारडी ठरले तेव्हा तुम्हाला बरं वाटलं."

"हो."

तिचं घोळवलेलं वाक्य इथं कुठंच बसत नव्हतं. तीन महिने ती एका घरात व्यायाम करत होती आणि तो दुसऱ्या घरात तिच्या मरणाची वाट बघत होता, आणि रात्री दोघं शेजारी जेवायला बसून एकमेकांना भाजी वाढत होती. तिला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याचा इतका राग आला की कातडीखाली यंत्र नसतं तर हृदय फुटलं असतं, असं तिला वाटलं. पण हृदय साठावरच होतं. रागाला हालचाल नसते. यंत्राला ती कुणावर चिडलीय हे कळायचा काही मार्गच नव्हता.

ती उठली आणि बूट बांधले.

"आत्ता?"

"आत्ता."

"मी बसतो इथं स्टूल घेऊन. तू चालव."

"नको."

"अगं, पण आता तर कळलंय ना मला सगळं. मोजायला तरी..."

"उद्या ऑफिसात जा आणि रेघा काढा," ती म्हणाली. "फोन पिशवीत ठेवा." आणि तिनं मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

बैठकीवर चढून तिनं पाय दाबला आणि खांदे हलवायला गेली तर खांदे येईनात. चाळीस वर्षं न सांडलेलं अंग कसं सांडायचं? आधी डावा पुढं, मग उजवा. ते इतकं ठरवून झालं की पायांची लय चुकली. तिनं मान हलवून बघितली. कोपरं बाहेर काढली, कंबर डावीउजवीकडं टाकली, गाडीवर ओझं लादलेला बैल खड्ड्यातून चालतो तसं. कुरूप दिसत असणार. रडू आलं ते या कुरूपपणाचं होतं, नवऱ्याचं नव्हतं. तिला जे एक उत्तम येत होतं ते आता आयुष्यभर मुद्दाम वाईट करायचं होतं, आणि डबीची फसवणूक करून मिळालेला श्वास आपलाच म्हणायचा होता. मग मिनिटभरानं आत ते उठलं. खांद्यांच्या मागून, जरा उशिरा, आंधळ्यानं बरोबरच्याचा दंड धरून पळावं तसं ते तिच्यामागून पळायला लागलं. पाचवं मिनिट. नववं. जडपणा आला नाही. भिंत होती तेवढीच रुंद राहिली. दम लागला, पण तो साधा दम होता, तोंडानं घ्यायचा, घामाचा, लहानपणी लागायचा तसला.

एकदा तिनं मुद्दाम खांदे स्थिर केले, पाय न थांबवता. बघायचं होतं. थोड्या वेळानं ठोके एक एक पायरी उतरायला लागले. पाय पळत होते आणि आतल्याला वाटलं होतं, बाई बसली. तिनं त्याला तसं वाटू दिलं, तपकिरी कडा दिसेपर्यंत. हे कळून असणं बरं. मग पुन्हा खांदे टाकले.

"बरी आहेस ना?" दाराबाहेरून आवाज आला. तो स्टूल घेऊन आला असणार. लाकूड फरशीला घासल्याचं तिनं ऐकलं होतं. तिचा श्वास जोरजोरात चालला होता आणि तो दारापलीकडं ऐकू जात असणार.

तिनं डावा खांदा टाकला, मग उजवा.

"अगं?"

दाराची मूठ अर्धी फिरली आणि तशीच थांबली. एक शब्द पुरला असता. तेवढा श्वास तिच्याकडे होता. तो तिनं पायांत घातला. दाराची मूठ सावकाश, आवाज न करता, जागेवर परत गेली.